चातीची जागा

म्हैसूरच्या राजघराण्याने राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे काम सुरू झाले, आणि तेव्हापासून आंबवणे, वाळवणे, टिकवणे या स्वयंपाकघरातील जुन्या विद्यांचा शास्त्रीय अभ्यास त्या वास्तूत होत आला आहे. इडलीचे पीठ रात्रभरात फुगते ते मुख्यतः जिवाणूंमुळे, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. परंतु पाव फुगवणारा आणि ताडीला मादकता आणणारा सूक्ष्मजीव वेगळा. त्याचे नाव यीस्ट. तो जिवाणू नव्हे. तो एकपेशीय कवक आहे, आणि त्याच्या पेशीची अंतर्गत रचना जिवाणूंपेक्षा मनुष्याच्या पेशीला अधिक जवळची आहे. त्याच्याही पेशीत आवरणाने वेढलेले केंद्रक असते, केंद्रकात गुणसूत्रे असतात, आणि विभाजनाच्या वेळी त्या गुणसूत्रांची वाटणी करणारे यंत्रही असते.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे यंत्र होय. अधिक नेमके सांगावयाचे तर, हे यंत्र पेशीत कोठे आणि कोणत्या दिशेने बसते, व ते तेथे कोण बसवते, हा प्रश्न होय. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. यंत्र चालले म्हणजे झाले, ते कोठे का असेना, असे कोणासही वाटेल. पण यीस्टच्या बाबतीत यंत्र निर्दोष चालूनही जागा चुकली तर दोन अपत्यपेशींपैकी एक मरते, कारण तिच्या वाट्याला एकही गुणसूत्र येत नाही.

या यंत्राला मराठी शास्त्रीय परिभाषेत तर्कू म्हणतात. शब्द संस्कृत असला तरी वस्तू घरगुती आहे. तर्कू म्हणजे सूत कातण्याची चाती. मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता असा आकार सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, म्हणून जर्मन शास्त्रज्ञांनी त्यास चातीचे नाव दिले. वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ साली पेशीविभाजनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सूत आणि चाती यांची ही प्रतिमा पक्की झाली. ती पुढे जगभर रूढ झाली आणि मराठीतही आली. चरख्याचे दिवस मागे पडले तरी शब्द राहिला. चाती येथे सूत कातत नाही, ती स्वतःच सुतांची बनलेली असते, हा तपशील मात्र लक्षात ठेवलेला बरा. ही सुते म्हणजे सूक्ष्मनलिका. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकापुढे एक जोडले जाऊन त्या वाढतात, आणि तेच कण गळून त्या आखूड होतात. त्यांचे एक टोक रोवलेले असते व दुसरे सतत वाढत-घटत चाचपडत असते. या चाचपडण्यातच पुढील सगळी कथा आहे.

यीस्टची पेशी अंडाकृती, सुमारे पाच मायक्रॉन लांबीची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ती आपल्यासारखी मधोमध चिरली जात नाही. तिच्या अंगावर एका जागी बारीकसा फुगवटा येतो. त्यास मुकुल म्हणतात. तो वाढत जातो, आणि पुरेसा मोठा झाला की मातृपेशीपासून सुटतो. आई व मुकुल यांच्यामधील जोडाला मान म्हणतात, आणि ही मान जेमतेम एक मायक्रॉन रुंद असते. मुकुल सुटल्यावर आईच्या भिंतीवर वळ राहतो. हे वळ मोजून तिने किती मुले दिली ते सांगता येते, आणि एक पेशी साधारण वीस ते तीस वेळा प्रसवून थकते. भरपूर साखर मिळाली तर एक फेरा सुमारे दीड तासात पुरा होतो.

आता अडचण पाहावी. प्राण्यांच्या पेशीत चाती आधी बसते आणि चीर नंतर पडते, आणि ती पडते चातीच्या मध्यावरच. अमेरिकी शास्त्रज्ञ रे रॅपापोर्ट यांनी १९६१ साली सागरी प्राण्याच्या अंड्यात काचेची गोळी दाबून पेशीला कडबोळ्यासारखा आकार दिला. तेव्हा जेथे दोन चात्यांचे तारकाकार टोक समोरासमोर आले तेथेही, मध्ये गुणसूत्रे नसताना, चीर पडली. म्हणजे प्राणिपेशीत चाती जाईल तेथे चीर जाते. तेथे चातीची जागा चुकणे ही गोष्ट वाटणीच्या दृष्टीने जवळजवळ संभवतच नाही. यीस्टमध्ये क्रम उलटा आहे. मुकुल कोठे फुटणार ते फेऱ्याच्या आरंभीच ठरते. मान तेव्हाच तयार होते, तिच्याभोवती प्रथिनांचे कडे बसते, आणि पेशी तुटणार ती त्या मानेवरच. चाती त्यानंतर उभी राहते. तिला मान हलवता येत नाही, तिने मानेपाशी आले पाहिजे. शिवाय ती मानेच्या आरपार उभी राहिली पाहिजे, आडवी नव्हे. सुईचे नेढे जागचे हलत नसेल तर दोऱ्यालाच नेढ्याकडे यावे लागते, तशातला हा प्रकार आहे.

आणखी एक वैशिष्ट्य आहे. मनुष्याच्या पेशीत विभाजनाच्या वेळी केंद्रकाचे आवरण विरघळते. पावाच्या यीस्टमध्ये ते शेवटपर्यंत टिकते. चाती या बंद खोलीच्या आतच बनते. तिची दोन टोके केंद्रकाच्या भिंतीत रुतलेल्या दोन चकत्यांवर टेकलेली असतात. त्यांना येथे ध्रुवपिंड म्हणू. प्रत्येक ध्रुवपिंडाला दोन तोंडे असतात. आतील तोंडातून चातीच्या नलिका निघतात आणि सोळा गुणसूत्रांना एकेक नलिका जाऊन भिडते. बाहेरील तोंडातून मोजक्याच नलिका पेशीद्रव्यात पसरतात. खोली बंद, यंत्र आत, आणि ओढावयाच्या दोऱ्या तेवढ्या भिंतीबाहेर, अशी ही मांडणी.

हे सर्व आज सांगणे सोपे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यीस्टला चाती असते की नाही, हाच वाद होता. पेशी इतकी लहान आणि तिच्या भिंती इतक्या जाड की रंग दिला तरी आत काय आहे ते स्पष्ट होईना. केंद्रक कोणते आणि शेजारची रसाने भरलेली रिक्तिका कोणती, यावरही एकमत नव्हते. अमेरिकेत कार्ल लिंडेग्रेन रिक्तिकेलाच केंद्रकाचा भाग मानीत होते. या वादात म्हैसूर संस्थानाचा वाटा होता ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली स्थापन झाली ती जमशेटजी टाटांच्या दानातून आणि म्हैसूरच्या राजघराण्याने दिलेल्या जमिनीवर. तेथे १९४० नंतरच्या दशकात एम. के. सुब्रमण्यम आणि त्यांचे सहकारी यीस्टच्या पेशी रंगवून त्यांतील गुणसूत्रे मोजण्याचा प्रयत्न करीत होते. यीस्टचे केंद्रक रिक्तिकेहून वेगळे आहे आणि ते इतर उच्च जीवांप्रमाणेच रीतसर विभागते, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची मोजणी आजच्या सोळा या आकड्यापेक्षा फारच कमी भरली. त्या काळच्या साध्या सूक्ष्मदर्शकाने यापेक्षा वेगळे काही घडणे शक्य नव्हते. पण केंद्रकाविषयीची त्यांची बाजू खरी ठरली, आणि हे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

वाद मिटला १९६६ साली. कॅनडातील कार्ल रॉबिनो यांनी मॅरक यांच्यासमवेत यीस्टच्या केंद्रकात एक तंतू दाखवला, आणि तो विभाजनाच्या वेळी लांबत जातो हेही दाखवले. पुढील दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्या तंतूतील नलिका आणि भिंतीतील चकत्या उघड केल्या. त्याच सुमारास सिअ‍ॅटल येथे लेलँड हार्टवेल यीस्टचे असे उत्परिवर्तित वाण गोळा करीत होते की जे तापमान वाढवताच विभाजनाच्या एकेका ठरावीक टप्प्यावर अडून बसत. या कामास २००१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. येथून पुढे प्रश्न बदलला. यंत्र आहे काय, हे विचारण्याऐवजी त्याचा एकेक भाग काढून टाकला तर काय होते, असे विचारता येऊ लागले.

चातीची जागा कोण ठरवतो, याचे पहिले स्वच्छ उत्तर ट्यूब्युलिनच्या वाणांनी दिले. महाराष्ट्रातील द्राक्ष बागाईतदारांना कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक परिचित आहे. ते आणि त्याचे भावंड बेनोमिल, दोन्ही कवकांच्या ट्यूब्युलिनला चिकटतात आणि सूक्ष्मनलिका बनू देत नाहीत. पण औषधाने सर्वच नलिका जातात, आतल्याही आणि बाहेरच्याही. त्यामुळे कोणत्या नलिकेचे काम कोणते ते कळत नाही. हफेकर, थॉमस व बॉटस्टीन यांनी १९८८ साली ट्यूब्युलिनच्या जनुकातच निरनिराळे बिघाड करून असे वाण मिळवले की जे थंडीत निरनिराळ्या तऱ्हेने अडखळत. त्यांतील एका वाणात एक विलक्षण गोष्ट घडे. थंडीत ठेवले की बाहेरच्या नलिका नाहीशा होत आणि आतली चाती मात्र शाबूत राही. पामर, सुलिव्हन, हफेकर व कोशलंड यांनी १९९२ साली या वाणाचा नेमका उपयोग केला. चाती उभी राहिली, लांबली, तिने गुणसूत्रांची दोन सारखी वाटणीही केली. पण हे सर्व आईच्या पोटातच. मुकुलात काही गेले नाही. वाटणी अचूक आणि वाटा मात्र एकाच घरात.

या एका प्रयोगाने पुष्कळ काही निकालात निघाले. चातीला आपली जागा आपोआप सापडत नाही. तिला ओढून आणावे लागते, आणि ओढण्याच्या दोऱ्या म्हणजे भिंतीबाहेरील मूठभर नलिका.

त्या ओढतो कोण? येथे दोन वेगळ्या व्यवस्था सापडल्या, आणि त्या एकामागून एक कामास लागतात. पहिलीतील प्रमुख प्रथिन कार-९ होय. नावातील ‘कार’ हे केंद्रकाच्या ग्रीक नावावरून आले आहे, कारण हे जनुक आधी दोन केंद्रकांच्या मीलनाच्या अभ्यासात हाती लागले होते. मिलर व रोझ यांनी १९९८ साली चातीच्या दिशेशी त्याचा संबंध दाखवला. कार-९ हे बिम-१ नावाच्या जोडीदाराच्या आधाराने बाहेरील नलिकेच्या वाढत्या टोकावर बसते. आईच्या पेशीतून मुकुलाकडे अ‍ॅक्टिन प्रथिनाचे दोर आधीच ताणलेले असतात, कारण मुकुलाच्या वाढीस लागणारा माल त्यांवरूनच वाहून न्यावयाचा असतो. हा माल नेणारा हमाल म्हणजे मायो-२, स्नायूंतील मायोसिनच्या कुळातील एक प्रथिन. २००० साली असे सिद्ध झाले की हाच हमाल कार-९ लाही धरतो, आणि त्याच्यासह नलिकेचे टोक मुकुलात घेऊन जातो. टोक गेले की मागोमाग ध्रुवपिंड वळतो, केंद्रक मानेपाशी येते, आणि चाती आरपार रोखली जाते. पेशीची काटकसर येथे पाहण्यासारखी आहे. नवीन रस्ता बांधलेला नाही, नवीन गाडीही नाही. जाणाऱ्या गाडीला मागे एक दोर बांधला, इतकेच.

दुसरी व्यवस्था डायनीनची. हे आकाराने प्रचंड चालक प्रथिन आहे, आणि ते नलिकेवरून तिच्या रोवलेल्या टोकाकडे चालते. यीस्टमधील त्याचे काम १९९३ साली दोन संशोधक गटांनी दाखवले. डायनीन आधी नलिकेच्या वाढत्या टोकावर निष्क्रिय बसून राहते. टोक मुकुलाच्या भिंतीला टेकले की तेथे नम-१ नावाचा खुंटा त्याला पकडतो. आता डायनीनचे पाय भिंतीला जखडले. ते चालू लागले की स्वतः पुढे जाण्याऐवजी नलिकाच मागे सरकते, आणि तिच्यासह चातीचे एक टोक मानेतून मुकुलात खेचले जाते. विहिरीच्या काठावर पाय रोवून पोहरा ओढणाऱ्या माणसासारखेच हे आहे. पहिली व्यवस्था चातीला दाराशी आणून उभी करते, दुसरी तिला दारातून आत घेते.

दोहोंपैकी एक व्यवस्था मोडली तरी यीस्ट जगते. काही पेशी चुकतात, बहुतेक निभावून नेतात. दोन्ही मोडल्या तर वंश चालत नाही. जीवशास्त्रात अशा दुहेरी सोयीला कित्येकदा उगाच उधळेपणा समजले जाते. प्रत्येक दीड तासाला एक मायक्रॉनच्या नेढ्यातून दोरा ओवावयाचा असेल तर तो उधळेपणा नव्हे.

डायनीनला नलिकेच्या टोकावर बसवण्यास मदत करणारे एक प्रथिन आहे, पॅक-१. त्याचे मनुष्यातील प्रतिरूप लिस-१ होय. गर्भावस्थेत मेंदूचे चेतापेशी आपापल्या स्तरात पोहोचण्यासाठी दूरवर प्रवास करतात, आणि त्यांना आपले केंद्रक मागोमाग ओढून न्यावे लागते. लिस-१ चे जनुक सदोष असेल तर हा प्रवास अपुरा राहतो आणि मेंदूचा पृष्ठभाग वळ्यांऐवजी गुळगुळीत होतो. अशी बालके गंभीर मतिमंदत्व व झटके यांनी पीडित असतात. पावाच्या यीस्टमधील केंद्रक मानेतून कसे ओढले जाते, या प्रश्नाचा धागा येथवर येतो.

चातीला दोन टोके असतात. मग मुकुलात कोणते जावे? यात काही निवड असेल असे पूर्वी वाटले नव्हते. २००१ साली परेरा, तानाका, नास्मिथ व शीबेल यांनी एक साधी युक्ती केली. ध्रुवपिंडाच्या एका प्रथिनाला त्यांनी लाल चमकणारे प्रथिन जोडले. हे चमकणारे प्रथिन बनल्यावर लगेच चमकत नाही, त्यास पक्व होण्यास वेळ लागतो. म्हणून त्या फेऱ्यात बनलेला नवा पिंड अंधुक आणि मागील फेऱ्यातील जुना पिंड ठळक दिसतो. ठळक पिंड जवळजवळ प्रत्येक वेळी मुकुलात गेला. आई जुने यंत्र मुलीला देते आणि स्वतःसाठी नवे ठेवते. पुढे असे दिसले की कार-९ जुन्या पिंडाच्याच नलिकांवर गोळा होते. दोन्ही पिंडांवर सारखेच बसले असते तर दोन हमाल दोन टोकांना एकाच वेळी ओढू लागले असते. जुना पिंड मुलीला देण्यात पेशीचा काही वेगळा लाभ आहे की ही केवळ ओढण्याच्या सोयीतून आलेली गोष्ट आहे, यावर अजूनही चर्चा चालू आहे.

इतके करूनही चुका होतातच. त्यासाठी पेशी पहारा ठेवते. चातीचे एक टोक मुकुलात पोहोचल्याखेरीज मान तोडावयाची नाही, असा हा पहारा आहे. टेम-१ नावाचे प्रथिन ध्रुवपिंडावर बसते आणि तेच विभाजन संपवण्याचा संकेत देते. त्याला बब-२ व बफा-१ ही जोडी दाबून धरते. (बब या नावात बेनोमिलच्या कुळाचा उल्लेख दडलेला आहे. त्या औषधातही ज्यांचे मुकुल फुटणे थांबले नाही, अशा वाणांतून ते जनुक सापडले.) आईच्या पेशीत किन-४ हे विकर या जोडीला बळ देते, मुकुलात एलटीई-१ हे प्रथिन तिची पकड सैल करते. पिंड आईच्या हद्दीत आहे तोवर संकेत दबलेला, मुकुलाच्या हद्दीत शिरला की मोकळा. जागा हीच येथे खबर आहे. कोणतीही मोजपट्टी न लावता, दोन हद्दींत दोन वेगळे अंमलदार ठेवून, पेशीने चाती कोठे आहे या प्रश्नाचे उत्तर मिळवले. पहारा मोडलेल्या वाणांत चाती आईच्याच पोटात राहिली तरी मान तुटते, आणि एक रिकामी पेशी व एक दोन केंद्रकांची पेशी मागे राहते.

येथवरचे सारे पावाच्या यीस्टविषयी झाले. बहुतेक पाठ्यपुस्तके येथेच थांबतात आणि यीस्ट म्हणजे हेच, अशी समजूत करून देतात. ती अपुरी आहे. विखंडन पावणारे यीस्ट मुकुल फोडतच नाही. ते कांडीसारखे लांब होते, केंद्रकाला नलिकांच्या रेट्याने मधोमध राखते आणि तेथेच कापले जाते. मक्यावर काणी आणणारे कवक मुकुल फोडते खरे, पण ते आपले केंद्रक विभाजनाआधी मुकुलाकडे नेते. आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे यीस्टही असेच वागते. पारव्यांच्या विष्ठेत आढळणारा हा कवक श्वासावाटे शरीरात शिरतो, आणि एड्समुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत मेंदूच्या आवरणाचा घातक दाह घडवतो.

बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात, म्हणजे पूर्वीच्या म्हैसूर राज्यातच, कौस्तुव सान्याल आणि त्यांचे सहकारी या रोगकारक यीस्टांचे विभाजन तपासत आले. पावाच्या यीस्टमध्ये चाती मानेपाशी येऊन दोन्हीकडे लांबते. क्रिप्टोकॉकसमध्ये केंद्रक आधी मुलीच्या घरी जाते, चाती तेथे लांबते आणि अर्धा वाटा आईकडे परत येतो. एकच मान आणि एकच अडचण असताना दोन कुळांनी दोन उलट मार्ग का धरावेत? या प्रश्नासाठी त्यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधील राजा पॉल यांच्या गटाशी हातमिळवणी केली, आणि २०१५ साली दोघांनी मिळून पेशीची एक गणिती प्रतिकृती मांडली. संगणकातील पेशीत नलिका वाढवल्या, घटवल्या, भिंतीवरील डायनीन कमी-अधिक केले, आणि केंद्रक कोठे जाते ते पाहिले. निष्कर्ष असा निघाला की केंद्रक नेमक्या दिशेने जाण्यासाठी बाहेरील नलिका सर्व बाजूंना सारख्या निघून चालत नाहीत. त्यांचा कल मुकुलाकडे असावा लागतो. आणि बाहेरील नलिकांची संख्या व भिंतीवरील डायनीन यांच्या भिन्न प्रमाणांतून दोन कुळांचे दोन मार्ग उलगडतात. यंत्राचे भाग बव्हंशी तेच, त्यांची मापे वेगळी.

२०१९ साली याच गटांनी क्रिप्टोकॉकसमधील आयपीएल-१ या विकराचे काम दाखवले. ते कमी पडले की नलिकांची मांडणी विस्कटते आणि केंद्रकाचा मुलीकडील प्रवास रखडतो. मनुष्याच्या पेशीला हा प्रवास करावाच लागत नाही. म्हणून क्रिप्टोकॉकसचे केंद्रक मानेतून ओढणारी प्रथिने कोणती, आणि त्यांपैकी कोणते अडवले असता कवक मरेल पण रुग्णाची पेशी अबाधित राहील, याचा शोध चालू आहे.